महेश्वरसाहेबांची झडती

गेल्या वर्षी महेश्वरसाहेब झोपेतच गेले, तेव्हा सगळा कारखाना हळहळला. दाक्षायणी तेवढी संतापली. माफी न मागताच सुटला, असं ती मला म्हणाली.

सहा वर्षांपूर्वी आम्ही दोघी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात शिलाईला होतो. महेश्वरसाहेब आमचे सुपरवायझर, माळशिरसकडचे. एकदा मालात टॉवेल कमी भरले आणि सुटीच्या वेळी त्यांनी गेटवर दाक्षायणीची पिशवी उलटी केली. डब्यातली शेंगाचटणी फरशीवर सांडली. टॉवेल काही निघाला नाही. तिथं थांबावं की नाही माणसानं? त्यांनी तिच्या गळ्यातलं इष्टलिंगही कापडातून सोडून दाखवायला लावलं. लिंगायत बाई ते मरेपर्यंत अंगावेगळं करत नाही, हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? आम्ही चाळीस बायका माना खाली घालून उभ्या होतो. मीही. दुसऱ्याच दिवशी कळलं, साहेबांचीच मोजणी चुकली होती. पण चुकलं, एवढा शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नाही. दाक्षायणीनं काम सोडलं आणि घरी कडक भाकरी करून विकायला लागली.

तिची भाची प्रियंका कॉलेजात मानसशास्त्र शिकते. मावशीची धुसफूस ऐकून कंटाळली असावी. तिनं उपाय सांगितला: उशाशी वही ठेव, जाग आली की पाणीसुद्धा न पिता स्वप्न लिहून काढ. जे पुन्हा पुन्हा दिसेल ती खूण. खूण ओळखता आली की स्वप्नातच कळतं, हे स्वप्न आहे. मग तिथं आपलं राज्य. दाक्षायणीला एवढंच पाहिजे होतं. मेलेल्या माणसाला गाठायला दुसरी जागा होती कुठं?

भाकऱ्या आटोपल्या की दुपारी ती आडवी व्हायची. उठून लिहायची, अर्धं मराठी, अर्धं कानडी. महिन्यानं वही वाचली आणि हबकलीच. प्रत्येक स्वप्नात तिचा गळा रिकामा होता. हे आपलंच पाप, असं समजून तिनं आठवडाभर उपास धरले, वहीला हात लावला नाही. शेवटी प्रियंकानं समजावलं, हीच तर ती खूण. मग दिवसभर येताजाता गळा चाचपायची सवय लावून घेतली.

चौथ्या महिन्यात एका दुपारी गेट दिसलं. हात गळ्याशी गेला, लिंग नव्हतं. एरवी घाबरली असती. त्या दिवशी खूश झाली. साहेबांना सगळ्या बायकांसमोर उभं केलं. घड्याळ, पट्टा, बूट, मोजेसुद्धा काढायला लावले, खिसे उलटे करायला लावले. सांगताना ती पोट धरून हसत होती. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मी तिथं काय करत होते, असं विचारलं.

"तू व्हय? मान खाली घालून हुबी," ती म्हणाली. राग आला, पण ते खरंच होतं.

सगळी झडती झाल्यावर साहेबांनी हात जोडले आणि म्हणाले, "तप्पातव्वा." म्हणजे आमच्या कानडीत, चुकलं बाई. सहा वर्षं जे ऐकायचं होतं ते अनवाणी उभ्या साहेबांनी सगळ्यांदेखत म्हटलं, आणि दाक्षायणी जागच्या जागी थंड पडली. साहेबांना कानडीचा गंध नव्हता. आम्ही दोघी त्यांच्या तोंडावर कानडीत त्यांची टिंगल करायचो आणि ते काहीच न कळून हसायचे. ही माफी त्यांची नव्हतीच. तिनंच ती त्यांच्या तोंडात घातली होती.

मला वाटलं, आता तरी वही बंद करेल. तसं म्हणालेही, मेलेल्याला किती दिवस उभं करणार.

"त्यो म्हनंपर्यंत," ती म्हणाली. "रोज सांगते, मराठीत म्हन. तुज्या सोताच्या तोंडानं म्हन."

"मग?"

"मग काय. बगत ऱ्हातो नुसता. जित्ता असताना बगायचा, तसाच."