दिनूच्या पाणबुडीची टाकी

स्फोट माझ्यामुळे झाला. एवढं साधं वाक्य लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं. टाळण्याची कारणं मात्र सुवाच्य अक्षरात तयार ठेवली होती (मनातल्या मनात).

दिनू माझा धाकटा मेहुणा. बुरोंडीत होड्यांचं वेल्डिंग करायचा. बोटीच्या पंख्यात जाळं अडकलं की माणसं बुड्या मारून मारून दमतात, म्हणून त्याने एका माणसापुरती पाणबुडी बांधायला घेतली. तीही मोबाईलवर बघून! गाव आधी पोटभर हसलं, मग होडीमालक संध्याकाळी काम बघायला येऊ लागले.

पाणबुडीला वर यायला हवेच्या टाक्या लागतात. पहिली टाकी तयार झाली, आणि तिची चाचणी मी करायची असं सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, ठरवलं. त्या घरात नवं काहीही जावयाच्या हाताशिवाय सुरू होत नसे. मी कचेरीतला हेडक्लार्क. माझा हवेचा अनुभव सायकलीपुरता.

"भावोजी, नीट ऐका," दिनू म्हणाला. "टाकी पाण्यानं काठोकाठ भरायची, मग हातपंपानं दाब द्यायचा. पाणी दबत नाय. टाकी फुटली तरी धार सुटंल, बास. हवा भरून बघायची नाय. हवा दबून बसते, नि सुटली की तोफ."

"कळलं रे."

"कळू दे नायतर न कळू दे, तसंच करा म्हणजे झालं."

मे महिना होता, विहिरीने तळ दाखवलेला. टाकीपुरतं पाणी आणायला दिनू टेम्पो घेऊन गेला. इकडे मांडवात जेवायला बोलावलेल्या होडीमालकांची पंगत खोळंबली, कारण चाचणी झाल्याशिवाय पानं वाढायची नव्हती.

"जावयबापू, उरकताय ना? कालवण निवतंय," आप्पांनी विचारलं.

"ह्यांना स्टोव्हसुद्धा पेटवता येत नाही, टाकी कसली तपासतायत," माझी बायको म्हणाली. सगळा मांडव हसला.

ते हसणं मला लागलं. मी तडक परसातल्या शेडमध्ये गेलो, होड्या रंगवायच्या कॉम्प्रेसरची नळी टाकीला जोडली आणि बटण दाबलं. तो जुना कॉम्प्रेसर आपोआप बंद होत नसे. (हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी त्याला हात लावीन असं कुणाच्या डोक्यात आलं नसावं!) दाबाचा काटा काही दिसेना, म्हणून मी चष्मा आणायला ओटीवर गेलो. आज हे लिहायला शिल्लक आहे, तो त्या चष्म्यामुळे.

मग आवाज झाला. शेडचं छप्पर उडालं, घराची कौलं पंगतीवर आली, मांडव खाली बसला, आणि आप्पा कालवणाचं पातेलं पोटाशी धरून अंगणभर पळू लागले. नशिबाने कुणाला लागलं नाही.

पाणी घेऊन दिनू परतला. मालक त्याच्या मागोमाग शेडमध्ये शिरले.

"भावोजी, पाणी भरलं होतंत ना?"

"हो तर," मी म्हणालो. "घरातल्या घागरींनी."

दिनूने खाली बघितलं. जमीन कोरडी ठणठणीत. टाकीच्या तोंडाला नळी तशीच लटकलेली. त्याने सांध्यावरून हात फिरवला. सांधा शाबूत होता. फाटला होता तो पत्रा. मग त्याने नळी सावकाश काढली, गुंडाळून खुंटीला अडकवली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माझंच वेल्डिंग कच्चं राहिलं."

घरच्या जावयाला चारचौघांत खोटं पाडायचं नाही, एवढंच त्याला ठाऊक होतं.

त्यानंतर मालकांनी होड्या दुसरीकडे न्यायला सुरुवात केली. पाणबुडीचा सांगाडा भंगारात गेला. दिनू मुंबईला गेला, तिथे तो खिडक्यांच्या जाळ्या बनवतो. मी मात्र 'थोडक्यात वाचलो' हा किस्सा लग्नाकार्यांत रंगवून सांगत राहिलो. हशा चांगला मिळायचा.

यंदा शिमग्याला दिनू गावी आला. सगळ्यांसमोर बोलायचंच, असं ठरवून मी गेलो.

"भावोजी, आधी तुम्ही बसा," म्हणत त्याने पाट मांडला आणि स्वतः मासळी वाढायला घेतली.

"दिनू, तुला एक सांगायचं होतं."

दिनूचा वाढता हात थांबला. "सांगा की, भावोजी."

"सरंगा फर्मास झालाय."

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने आणखी एक तुकडी माझ्या पानात वाढली, आणि मी ती खाल्ली.