साहेबाचा आवाज

आत्या तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. माणूस चेहऱ्यावरून नाही, आवाजावरून ओळखायची तिची सवय. ऑपरेशननंतर डोळ्यांवर पट्टी होती, म्हणून दुपारी मी तिला आणीबाणी लागली त्या वर्षावरची कादंबरी वाचून दाखवत होते.

“जरा आवाज बदल गं,” ती म्हणाली, “तुझी सगळीच पात्रं तुझ्या बापासारखी घोगरी!”

मला तेवढंच हवं होतं. गोष्टीतला अधिकारी एक्स्चेंजमध्ये शिरला, तेव्हा मी जड, संथ आवाज काढला, “काल या नंबरवर कोण बोललं?”

“काल लाइन बंद होती, साहेब.”

हे पुस्तकात नव्हतं. आत्याच ताठ बसून बोलली होती. मला वाटलं, म्हातारी रंगात आलीये. मी आणखी गुरकावले, “खरं बोल!”

तिने माझं मनगट घट्ट धरलं. “बंदच होती, साहेब. घरी लहान भाऊ आहे हो माझा.”

तो लहान भाऊ म्हणजे माझे बाबा. मी माझ्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, “आत्या, मी आहे गं!”

“साहेब गेले?” ती कुजबुजली.

“गेले.”

“मग अण्णांना सांग, पुन्हा फोन करू नका. आज निभावलं, उद्या नाही निभायचं.”

अण्णा म्हणजे माझे आजोबा. त्या वर्षी ते कुठे लपलेत हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, असंच आम्ही ऐकत आलो होतो.

“सांगते,” मी म्हणाले. तरी तिने मनगट सोडलं नाही.