कोयत्याची नव्हे ती जखम

डॉक्टर अभ्यंकर गेल्याची बातमी मला दादानं दिली. पोलादपूरच्या बाजारात त्याला कळली. ओट्यावर पिशवी ठेवत म्हणाला, "आपलं डाक्टर गेलं रे." डॉक्टरांना जाऊन तोवर महिना होऊन गेला होता. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, असं काही लिहायची सवय नाही... तरी लिहितो.

डॉक्टर महाडच्या सरकारी दवाखान्यात होते. दोन वर्षांपूर्वी आमचा शेजारी गोविंद बांधावरच्या ऐनाच्या झाडाखाली डोकं फुटून मेला. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची म्हणून राबाच्या फांद्या तोडायचे ते दिवस. त्या ऐनावरून गोविंदचं आणि दादाचं जुनं भांडण होतं. ओरडून माणसं जमवली दादानंच, पण त्याच्या हातात कोयता होता आणि गोविंदच्या डोक्याला मागच्या बाजूस सरळ, लांब जखम. पोलिसांनी दादाला नेलं.

शवचिकित्सा डॉक्टरांनी केली होती. अलिबागच्या कोर्टात त्यांनी सांगितलं, ही जखम धारेची नाही. जखमेच्या आत दोन्ही कडांना जोडणारे तंतू शाबूत आहेत, केस कापलेले नाहीत, चेचलेले आहेत. शिवाय जखम मागं आणि मेंदूला मार पुढच्या बाजूला. उंचावरून पडून डोकं वेगानं दगडावर आदळलं की बहुधा असं होतं.

सरकारी वकील हसून म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही काय झाडाखाली उभे होतात?"

"नव्हतो. म्हणून जखमेत दिसलं तेवढंच सांगतोय."

"म्हणजे त्याला कुणी ढकललं नाही?"

"तेही मी म्हणत नाही. ते जखमेत दिसत नाही."

दादा सुटला. पण आई घरी येईपर्यंत धुसफुसत होती. "नाय ढकलला म्हनाया काय जात व्हतं गो त्या डाक्टरचं?" असं शेजारणीला विचारत होती. वाडीतही ढकलल्याचीच कुजबुज राहिली.

सुट्टी संपायच्या आधी मी डॉक्टरांचे आभार मानायला गेलो. सायन्सला आहे म्हटल्यावर त्यांनी दोन गोणपाटं पुढे टाकली, एक विळीनं कापलेलं, एक खिळ्याला अडकून फाटलेलं. "बघ. कापलेल्याच्या कडा साफ. फाटलेल्यात मधे धागे राहतात. हाडावर ताणलेली कातडी फुटते तीही अशीच, वरून दिसते मात्र कापल्यासारखी. यात माझी हुशारी काही नाही."

मी चाचरत विचारलं, "पण डॉक्टर... दादानं ढकललं असेल का?"

गोणपाटाची घडी घालत ते म्हणाले, "मेलेल्या माणसाला विचारता येत नाही, म्हणून मी जखमेला विचारतो. तुझा भाऊ जिवंत आहे ना रे?"

तरीही मी विचारलं नाही. विचारलं ते परवा, ही बातमी आली त्या संध्याकाळी, ओट्यावर बसल्या बसल्या.

दादा चिडला नाही. "मी खालती फांद्यांचा भारा बांधत व्हतो. तो वरून शिव्या देत व्हता, मीबी देत व्हतो. मग फांदी मोडली." पुढे म्हणाला, "पोलिसांनी इचारलं, वकिलानं इचारलं. घरात कोनी इचारलं नाय. मला सोडवाया समदी धावलीत, पन इचारलं नाय."

आत आईच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं होतं.