बदली झाली एकदाची

नवऱ्याची पुण्याला बदली झाली आणि आता मलाच जायची धास्ती वाटतेय. खरं तर बदलीसाठी मीच त्याच्यामागे भुणभुण लावली होती. शहराबाहेर लांब गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यातून दमून आला की चहाच्या आधी माझी कुरकुर त्याच्या पुढ्यात. इथलं पाणी असं, ऊन तसं, भाजीवाली माझ्या तमिळला हसते. अण्णा नगरातल्या आम्हा मराठी बायकांचा हाच उद्योग. जमलो की रडगाणं सुरू.

समोरच्या बाईही मराठीच, पण तंजावरच्या, पिढ्यान्‌पिढ्या इकडे राहिलेल्या. शाळेत शिकवतात. त्यांना एकदा विचारलं होतं, "तुम्हाला करमतं का हो इथे?" त्या गोंधळल्याच. म्हणाल्या, "करमायचं काय त्यात? घर आहे की आमचं." मला फार हेवा वाटला. भाषा एक, मजला एक, आणि मला अकरा वर्षांत एक दिवस धड करमलं नाही.

बदलीचं सांगायला गेले तर त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "लेकीचं काय?" पुण्यात एका लग्नात त्यांचं मराठी ऐकून बायका तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. 'मद्रासी का तुम्ही?' असंही एकीनं विचारलं होतं. "मी दोन दिवसांत परत आले," त्या म्हणाल्या. "ती कुठे परत येणार?"

तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. लेक सातवीत. खाली मैत्रिणींशी तमिळमध्ये तासन्‌तास खिदळते, मराठीत मात्र अडखळते, आणि हेलही इकडचाच. फोनवर मावसबहिणी तिची नक्कल करतात. बहीण म्हणते, "गंमत करतात गं." असेल गंमत. पण रोज वर्गात अशी गंमत झाली तर? ती भाजीवाली हसली तर मी आठवडाभर बाजारात फिरकले नव्हते, आणि मी तर चांगली घोडी झालेली बाई. पोरीनं कुठे तोंड लपवायचं?

काल आम्ही दोघी तिची पुस्तकं खोक्यात भरत होतो. खाली मान घालून तिनं विचारलं, "आई, तुला इथे करमायला किती दिवस लागले?"

मी भरलेल्या खोक्याला सुतळी बांधायला घेतली.

"महिनाभर," मी म्हटलं.

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि पुढची पुस्तकं भरू लागली.