सुगत वाइंडरच्या तीन घंट्या

पडदा वर जातो तेव्हा पवनीतल्या एका घराची पुढची खोली दिसते. मागच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर. डावीकडे खिडकी, तिच्याबाहेर शेजारच्या मंदाबाईंच्या दोरीवर लुगडी वाळताहेत. उजवीकडे टेबल, टेबलावर जुना संगणक, बाजूच्या खिळ्याला टांगलेला हेडफोन. वेळ सकाळची. दिवाळी तोंडावर आली आहे, गावाबाहेरच्या बांध्यांत धान पिवळं पडू लागलं आहे. मंचाच्या मध्यभागी एक उंच, सडपातळ म्हातारा पुतळ्यासारखा उभा आहे. त्याचा हात भिंतीवरच्या मेन स्विचवर आहे आणि मेन खाली ओढलेलं आहे. डोक्यावरचा पंखा मंद होत होत थांबतो आणि म्हाताऱ्याच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, "अरे बाप्पा, हे मी का केलं?"

हा सुगत. भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाला तेव्हा तो चिखल्याच्या मँगनीज खाणीत वाइंडर होता, आणि रिटायर होईपर्यंत वाइंडरच राहिला. वाइंडर म्हणजे कामगारांचा पाळणा जमिनीच्या पोटात सोडणारा आणि पुन्हा वर ओढणारा माणूस. या कामातली मोठी गोष्ट अशी, की ज्यांचा जीव त्याच्या हातातल्या दांड्यावर असतो, ती माणसं त्याला दिसत नाहीत. तो इंजिनघरात, पाळणा खोल अंधारात, आणि दोघांच्या मधे फक्त घंटी. एक वाजली की थांब. दोन वाजल्या की चालू दे. तीन वाजल्या की आत माणसं आहेत, सांभाळ. सुगतनं आयुष्यभर कानांवर भाकरी कमावली. शिवाय एक सवय त्याच्या हाडात मुरली होती. पाळणा थांबलेला असताना काही विपरीत झालं, दिवा विझला, जळका वास आला, की आधी वीज तोडायची. विचार मागून.

त्या सकाळी याच सवयीनं घात केला.

त्याच्या बायकोचं नाव लीलाबाई. एके काळी हे नाव नाटकाच्या पोस्टरवर नायकाच्याही वर छापलं जाई. दिवाळीनंतर आपल्याकडे गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, आणि मंडई म्हटली की रात्रभर नाटक. लाखांदूरकडची माणसं बैलगाड्या जुंपून, पुढे ट्रॅक्टर भरून तिला पाहायला येत. तिचा हुंदका शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या छातीत जाऊन लागायचा. मग काचबिंदूनं डोळे नेले. मंच सुटला. ती घरात भिंतीला टेकून बसू लागली, आणि ज्या घरात सतत पदं गुणगुणली जायची तिथं नुसता कुकर वाजू लागला.

नागपूरला नोकरी करणारी त्यांची मुलगी भावना एकदा आपला जुना संगणक घेऊन आली. त्यात लिनक्स घातलेलं होतं. "बाबा, हे फुकट आहे, जुन्या मशीनवर चालते, अन् यात वाचून दाखवणारा आवाज आहे," ती म्हणाली. "आईले दिसत नाही, पन आयकू तं येते ना!"

सुगत त्या यंत्राच्या मागेच लागला. लीलाबाईला नको असलेलं सगळं त्यानं त्यातून काढून टाकलं. माऊस कपाटात गेला. कुठलं बटण दाबलं की काय उघडावं हे त्यानं स्वतः ठरवून बसवलं. बोटांना जागा कळावी म्हणून कीबोर्डच्या दोन बटणांवर तिच्याच टिकल्या चिकटवल्या. सुरू होताना नाव आणि पासवर्ड विचारायची पद्धत बंद केली, म्हणजे तिला कोणाची वाट पाहायला नको. आणि सगळ्यात शेवटी यंत्रातले परदेशी टुणटुण आवाज काढून त्यानं पितळी घंटीचे आवाज भरले. लिहिलेलं जपून ठेवलं की एक घंटी. काही उघडलं की दोन. आणि यंत्र पूर्ण जागं होऊन कामाला तयार झालं की तीन.

"तीन कायले?" लीलाबाईनं विचारलं होतं.

"आमच्याकडे तीन म्हंजे आत मानसं आहेत."

ती कितीतरी महिन्यांनी हसली. "आमच्याकडे तिसऱ्या घंटीले पडदा वर जाते जी."

वाचून दाखवणाऱ्या आवाजाला तिनं नाव दिलं 'मास्तर'. आमच्या मंचापुढे खड्डा असतो, त्यात प्रॉम्प्टर बसतो आणि नटाला खालून वाक्यं पुरवतो, त्याला सगळे मास्तरच म्हणतात. कानाला हेडफोन लावून, मास्तरला ऐकत, एकेक अक्षर चाचपत लीलाबाईनं तीन अंकी नाटक लिहिलं, 'विहिरीले फुटला कंठ'. हेडफोन अशासाठी, की मंदाबाईंना कथा आधीच कळायला नको. नाटकाची दुसरी प्रत कुठंही नव्हती. सुगत म्हणे, पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवू. ती म्हणे, अर्धं नाटक लिहिल्या जागेवरून हलवत नाहीत. जुनी नटी, जुना नेम. तिसरा अंक आदल्या संध्याकाळीच पुरा झाला होता, आणि आज दुपारी लाखांदूरच्या मंडळीचा मालक तेजराम ते ऐकायला येणार होता. आवडलं तर यंदाच्या मंडईत उभं करणार होता.

पाहुणा येणार म्हणून सुगतला हुरूप आला. लीलाबाई मंदाबाईंबरोबर विहारात गेली, तेवढ्यात यंत्र जरा सजवावं, पडद्यावर नाटकाच्या लाल मखमली पडद्याचं चित्र लावावं, असा त्याचा बेत. चित्र लागलंही. तेवढ्यात यंत्रानं अपडेटची आठवण केली. सगळं ताजं असावं म्हणून त्यानं हो म्हटलं. काम निम्म्यावर आलं आणि मॉनिटर एकाएकी काळा झाला. भावना शंभर वेळा सांगून गेली होती, अपडेट चालू असताना बंद करायचं नाही. हे त्याला आठवलं, पण हात मेनवर पोचल्यानंतर.

त्यानं मेन वर केलं. यंत्र घरघरलं. मॉनिटरवर 'नो सिग्नल' अशी पाटी फिरली आणि अंधार. बंद केलं, चालू केलं. अंधार. वायर काढून पुन्हा खोचली. अंधार. भावनाला फोन लावला, तिनं उचलला नाही, ती कामावर. लीलाबाईचे डोळे गेले तेव्हा तिनं आरडाओरडा केला नव्हता. आज हे कळलं तर ती पुन्हा त्या भिंतीला टेकून बसेल, एवढंच त्याला दिसत होतं.

फोन वाजला. तेजराम.

"सुगतभाऊ, बसमधी बसलो जी. गरम चहा ठेवा अन् बाईले म्हना, मले रडवल्याबिगर सोडू नोको."

"हव," सुगत म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

दारात काठी वाजली. लीलाबाई आत आली, चप्पल काढली आणि जागीच थांबली.

"मेन कायले वढलं होतं जी?"

सुगत तिच्याकडे वळला. "तुले कोन सांगतलं?"

"फ्रिज थरथरून राहिला. बंद होऊन चालू झाला की तसा थरथरते. अन् मंदाबाईकडचा टीव्ही तं मस्त चालू आहे, म्हंजे लाईट नव्हती गेली." ती खुर्ची चाचपत आली. "सांगा आता."

त्यानं सांगितलं. लाल पडद्याच्या चित्रापासून सगळं. ती ऐकत होती, चेहऱ्यावरची रेष हलत नव्हती. नटीचा चेहरा, त्यावर तिला हवं तेवढंच दिसतं.

"तिसरा अंक?" तिनं एवढंच विचारलं.

"माहीत नाही, लीला. पडदा काळा आहे."

"मले तं तो रोजच काळा आहे," ती म्हणाली. "चिखल्याहून मानूस रिटायर झाला, हात नाही झाला तुमचा. सरका तिकडं. अन् ते पुन्हा पहिल्यापासून चालू करा."

तिनं खिळ्यावरचा हेडफोन काढून कानाला लावला. सुगतनं बटण दाबलं. मॉनिटरवर तीच पाटी, तोच अंधार. त्यानं मान फिरवली. लीलाबाई मात्र मान तिरकी करून बसली होती, विंगेत आपल्या प्रवेशाची वाट पाहणाऱ्या नटीसारखी. बाहेर मंदाबाई लुगडी झटकत होत्या.

मग तिनं हळूच टेबलावर बोटाच्या पेरानं वाजवलं. एक. दोन. तीन.

"का?" सुगत पुटपुटला.

"तीन घंट्या झाल्या. आत मानसं आहेत तुमची."

जन्मभर घंटीवर इंजिन चालवलेला माणूस सकाळपासून नुसता मॉनिटरकडे पाहत होता. यंत्र प्रत्येक वेळी जागं होत होतं, घंट्याही देत होतं, पण त्या खिळ्याला टांगलेल्या हेडफोनात वाजून विरत होत्या. त्यानं कपाळावर हात मारला.

"बसा," लीलाबाई म्हणाली. "तुमचं ते इंग्रजी मले जमत नाही. तुमी बटनं दाबा, मास्तर मले सांगते. चुकलं तं मी एक ठोका देतो. बरोबर असन तं दोन."

आणि मग त्या खोलीत चिखल्याचं इंजिनघर उभं राहिलं. समोर काळोख, हातात दांडा, आणि दुसऱ्याच्या घंटीवर भरवसा. सुगतनं पेन ड्राइव्ह खोचला, आदेश लिहायची खिडकी उघडणारी बटणं दाबली. दोन ठोके. नाटकाची प्रत उतरवण्याचा आदेश तो एकेक अक्षर टिपत गेला. एक ठोका. त्यानं मागचं अक्षर पुसलं, पुन्हा टिपलं. दोन ठोके.

"उतरलं म्हनते मास्तर."

सुगतनं श्वास सोडला. पण अर्धाच. नाटक उघडायला गेले तर उघडेना. अपडेट अर्धवट राहिल्यानं लिहायचा प्रोग्रामच अधांतरी लटकला होता. नाटक जिवंत, पण बोलायला तोंड नाही, आणि तेजरामची बस गावाच्या वाटेवर.

"राहिलेलं काम पुरं करा म्हनाचा आदेश आहे एक," सुगत म्हणाला. "पन त्याच्यानं हे बिघडलं तं ज्या घंट्या आयकू येऊन राहिल्या त्या बी जातीन."

"नाही केलं तं?"

"तेजराम चहा पिऊन वापस जाईन."

तिनं टेबलावर दोन ठोके दिले.

त्यानं आदेश टिपला. यंत्रानं पासवर्ड मागितला. तो टाकू लागला आणि लीलाबाईचं बोट हवेत थांबलं. ना एक, ना दोन.

"काहून? बोल ना!"

"मास्तर गप्प आहे."

मग त्याला उमगलं. पासवर्ड मास्तर मोठ्यानं वाचत नाही, कोणी ऐकू नये म्हणून. आता ना नजर, ना घंटी. तो डोळे मिटून, बोटांना आठवेल तसं टिपत गेला आणि शेवटचं बटण दाबून थिजला.

लीलाबाईचे ओठ हलू लागले. मास्तर भराभर काहीतरी वाचत होता आणि ती त्यातले ओळखीचे शब्द धरू पाहत होती. बराच वेळ ठोका नाही. तेजरामसाठी गॅसवर ठेवलेलं चहाचं पाणी आटलं, त्याचा वास घरभर झाला. सुगत उठू लागला, तशी तिनं त्याचं मनगट धरलं. मग दुसऱ्या हातानं नाटक उघडायची बटणं स्वतः दाबली. आणि तिचा चेहरा, तोच निश्चल चेहरा, पाण्यासारखा हलला.

दोन ठोके.

"अंक पयला," ती म्हणाली. "विहिरीचा काठ."

"आता एक डाव बंद करून चालू केलं की पडदा बी येईन," सुगत उठत म्हणाला. "पाहुन्याले लाल पडदा दिसला पायजे ना."

"बसा खाली!" हा आवाज मंदाबाईंच्या अंगणापर्यंत गेला असेल. "आत मानसं असताना इंजिन बंद करत होते का तुमी?"

तो बसला. आणि दारातून आवाज आला, "बाई, आहे का जी घरी?"

तेजराम आला. गोल, घामेजलेला, खांद्यावर पंचा. जळका चहा त्यानं न कुरकुरता घेतला, काळ्या मॉनिटरमागे नाटकाचा लाल पडदा आहे हे सुगतचं सांगणंही ऐकून घेतलं. सुगतनं हेडफोनची पिन काढून स्पीकर जोडला. मास्तर सगळ्यांसमोर वाचू लागला आणि तेजरामचं तोंड उतरत गेलं. मास्तरचा आवाज सपाट, आई रडते तेही तसंच, पोलीस येतात तेही तसंच.

"बाई," तो अवघडून म्हणाला, "लिवलं आसन तुमी चांगलं. पन हे तं बँकेतल्या मशीनवानी बोलते. मले काही दिसून नाही राहिलं. अन् टीव्ही बी बंद तुमचा."

सुगतनं लीलाबाईकडे पाहिलं. ती उठली. हेडफोनची पिन चाचपून पुन्हा जागेवर खोचली, स्पीकर मुका केला. पदर खोचला. मास्तर आता फक्त तिच्या कानात होता, जसा पूर्वी खड्ड्यात असायचा. तो तिथून वाक्य पुरवू लागला आणि ती बोलू लागली. म्हातारी झाली, सून झाली, विहिरीत बुडालेल्या पोरीचा आवाज झाली. दुसऱ्या अंकात मंदाबाई कधी दारात येऊन बसल्या ते कोणाला कळलं नाही. तिसऱ्या अंकात विहीर बोलते. तिथं लीलाबाई इतक्या हळू बोलली, की तेजराम खुर्चीच्या कडेवर येऊन पुढे वाकला, आणि सुगतला तो हुंदका, शेवटच्या रांगेत पोचणारा, पुन्हा छातीत लागला.

संपलं. तेजरामनं पंच्यानं तोंड पुसलं, मग डोळे पुसले, मग उगाच परत तोंड पुसलं.

"यंदाच्या मंडईले हेच," तो म्हणाला. "अन् म्हातारीचं काम दुसऱ्या कोनाले देनार नाही मी. मास्तरले कानातच घेऊन या तुमी मंचावर." मग त्याला काळ्या मॉनिटरची आठवण झाली. "सुगतभाऊ, आता तरी तो टीव्ही चालू करा. लाल पडदा म्हनत होते ना तुमी, पाहू द्या."

सुगतचा हात बटणाकडे गेला. लीलाबाई अजून तशीच उभी होती, पदर खोचलेला, हेडफोन कानाला, चेहरा त्या विहिरीकडे. त्यानं हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.

"जराक थांबा जी, तेजरामभाऊ," तो म्हणाला. "मानसं अजून वर नाही आली."