सत्यशीलाची बिनबाह्यांची केप

गडचांदूरच्या बाजारामागच्या गल्लीत ब्लाउज शिवणाऱ्या जैनबला राग यायला कारण लागत नाही, हे त्या गल्लीतल्या कुत्र्यालाही ठाऊक आहे. पण या हिवाळ्यात तिच्याजवळ खरोखरच कारण होतं, आणि तेही एक नाही.

सगळं सुरू झालं सत्यशीलापासून. ही तिची जिवाभावाची मैत्रीण. वीस वर्षं रोज दुपारी दुकानात यायची, ब्लाउजांची तुरपाई करायची, काजं करायची आणि बोलून बोलून जैनबचं डोकं खायची. पावसाळ्यात तिला अर्धांगवायूचा झटका आला. पाय सुधारला, जीभ तर दुप्पट चालू लागली, पण डावा हात खांद्यापासून लुळाच राहिला. मग थंडी पडली. स्वेटर घालायचा म्हणजे सून रिनानं तो हात बाहीत कोंबायचा आणि सत्यशीलानं कळवळायचं. रिना वाईट नाही हो! पण सकाळी सातला डबे, पोरांची शाळा, आणि त्यात ही झटापट. एक दिवस तिच्या तोंडून निघून गेलं, "आई, आज राहू द्या ना." झालं. त्या दिवसापासून सत्यशीलानं स्वेटर मागितलाच नाही. बारा वाजेपर्यंत रजईत पडून राहायची. दुकान सुटलं, अंगणातलं ऊनही सुटलं.

"लहान लेकरू बी आपलं आपलं घालते वो," ती जैनबला म्हणाली होती. "मलेच लोकाचा हात लागते."

रडणं जैनबच्या स्वभावात नाही, म्हणून ती चिडली. मोबाइलवर तिनं एकदा केप पाहिली होती, बाह्या नसलेली, नुसती खांद्यावरून घ्यायची. तसली लोकरीची शिवली तर हिला कोणाचं तोंड बघावं लागणार नाही. थंडीत गाठोडं घेऊन फिरणाऱ्या काश्मिरी माणसाकडून तिनं अस्सल लोकरीचं कापड घेतलं, मेंदीच्या रंगाचं, चांगलं गुडघ्यापर्यंत येईल एवढं.

आणि इथंच माती खाल्ली. ब्लाउज शिवणाऱ्या बाईच्या हाताला एक सवय असते. अस्तर आधी पाण्यात भिजवायचं, आटवायचं, वाळवायचं आणि मगच कात्री लावायची. नाहीतर पहिल्या धुण्यात ब्लाउज आखडतो आणि गिऱ्हाईक दारात येऊन भांडतं. तीस वर्षांच्या सवयीनं तिनं लोकरही बादलीत घातली. थंडीचे दिवस, म्हणून पाणी चांगलं कढत. मेंढीचा वास येत होता, म्हणून साबण. कापड जाडं, म्हणून मोगरीनं धोपटलं.

वाळल्यावर दोरीवरून जे निघालं ते कापड नव्हतं, ते बसायचं जाड बसकर होतं. आटून निम्म्यावर आलेलं, घट्ट, पुठ्ठ्यासारखं उभं राहणारं.

नवरा गुलाम रसूल घड्याळं दुरुस्त करतो. त्यानं भिंग डोळ्यावर तसंच ठेवून विचारलं, "पोळा तं कवाच झाला. आता कोन्या बैलाची झूल शिऊन राह्यली?"

"तुमचीच!" जैनब कडाडली. तो गुपचूप घड्याळात शिरला.

दुसरं कापड आणावं तर तो काश्मिरी पुढच्या गावाला निघून गेलेला. मग आहे त्यातच करायचं ठरलं. पोरींच्या छत्री फ्रॉकचा घेर ती डोळे मिटून कापायची, केपचा घेरही तसाच, पण हे कापड दुमडेचना. मशिनीच्या पायाखाली जाईना. गेलं तर सुई तुटे. दिवसाला दोन सुया तुटल्या. दोन थर एका जागी आले की मशीन घर्रर्र करून थांबायची आणि जैनब मशीनच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. लांबी कमी पडली म्हणून खाली काळी पट्टी जोडली, ती ओढ घेऊन वाकडी आली. उसवली. परत जोडली. परत वाकडी.

त्यात लग्नसराई. पिंकी नावाची एक नवरी तीन हेलपाटे घालून गेली. चौथ्यांदा म्हणाली, "काकू, ब्लाउज लग्नाले घालाचा हाय, बारशाले नाई."

"आन मी का झोपून राह्यली काय?" जैनब ओरडली आणि रात्रीच्या जेवणाआधी तिचा ब्लाउज मुकाट्यानं हातात दिला.

सोळा दिवस लागले. सोळा दिवसांत गुलाम रसूलला धड गरम भाकर मिळाली नाही. पण शेवटी केप झाली, कमरेपर्यंतच, पण झाली. घेर बरोबर पडला. गळ्याला जैनबनं दोन मजबूत हूक लावले, आतून, दिसणार नाहीत असे. तिला स्वतःच्या कामाचं बरं वाटलं. असं क्वचितच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती सत्यशीलाकडे गेली आणि रजई ओढून काढली. "ऊठ वो. बाह्याच नाई याले. आपल्या हातानं घाल."

सत्यशीला उठून बसली. केप बघून तिचे डोळे चमकले. उजव्या हातानं तिनं ती खांद्यावर ओढली, नीट बसवली आणि गळ्याशी हूक लावायला गेली. हूक धरला तर दुसरी बाजू सुटे. दुसरी बाजू धरली तर हूक लावायला हात कुठला? हनुवटीखाली दाबून पाहिलं, दातांत धरून पाहिलं. एवढ्यात केप पाठीवरून घसरली आणि जमिनीवर पडली.

दारात उभी असलेली रिना पुढं आली. "आना आई, मी लावून देतो."

सत्यशीलानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

जैनबला वाटलं, आपणच आपल्या कानाखाली द्यावी. एका हाताच्या बाईसाठी कपडा शिवला आणि त्याला दोन हातांचे हूक! "अक्कल का चरायले गेलती माही?" ती मोठ्यानं म्हणाली. पिशवीतून कात्री काढून तिनं दोन्ही हूक कापून फेकले. खाटेच्या कडेला बसून केपच्या पुढच्या दोन्ही कडा एकीला एक लावल्या आणि डोकं जाईल एवढं भोक सोडून खालपर्यंत शिवत सुटली. दोनदा सुई बोटात गेली.

"टाके लांब लांब पडून राह्यले," सत्यशीला भिंतीकडूनच, मान वळवून म्हणाली.

"गप ऱ्हाय!"

शिवून झालं तशी जैनबनं केप खाटेवर पसरली आणि बाजूला झाली. सत्यशीला वाकली. खालून डोकं घातलं, उजव्या हातानं ओढलं, अडकली, आतल्या आत काहीतरी पुटपुटली, परत ओढलं. पुष्कळ वेळ नुसती मेंदीच्या रंगाची हलणारी गठडी दिसत होती. रिना दोनदा पुढं झाली, दोन्ही वेळा जैनबनं तिचा पदर धरून तिला मागं ओढलं. मग गळ्यातून विस्कटलेलं डोकं बाहेर आलं.

केप साफ वाकडी बसली होती. समोरची शिवण उजव्या खांद्यावर, काळी पट्टी एकीकडे मांडीपर्यंत, दुसरीकडे पार पोटावर. सोळा दिवस मरमर करून घेतलेल्या घेराची अशी माती झालेली जैनबला बघवेना. तिचे हात आपोआप पुढं गेले.

"हात नोको लावू!" सत्यशीला गरजली. "मीनं घातली हाय."

आणि तशीच, एक खांदा वर नि एक खाली, ती अंगणातल्या उन्हात जायला निघाली. जैनबनं दोन्ही हात काखेत दाबून धरले आणि आयुष्यात पहिल्यांदा वाकडा बसलेला कपडा तसाच दाराबाहेर जाऊ दिला.