मंजुळाची पाळत

मंजुळाला शिळी मासळी ताजी म्हणून गळ्यात मारणारा अजून जन्माला यायचा होता. वेसाव्याच्या बंदरावर पहाटे ती उभी राहिली की माल दाखवणारा आपसूक जरा चाचरायचा. पापलेटाचा कल्ला उचलायचा, बोट नाकाशी न्यायचं आणि मग मासळी सोडून विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं, ही तिची रीत. जोगेश्वरीच्या बाजारात तीस वर्षं बसून ती हेच शिकली होती.

फसली ती एकदाच, आणि तेही स्वतःच्या घरात. तिच्या नवऱ्याने, धर्माने, देवीपुढे नारळ ठेवून दारू सोडल्याची शपथ घेतली होती. सहा वर्षं तिने ती खरी मानली. दोन वर्षांपूर्वी तो पोट फुगून गेला तेव्हा डॉक्टरांनी तिला विचारलं, रोज किती घ्यायचे? घेतच नव्हते, असं ती छातीठोक बोलून गेली. त्यावर डॉक्टरांनी तिच्याकडे जे पाहिलं, ते तिला मरेपर्यंत विसरता येणार नव्हतं. सगळ्या कोळीवाड्याला माहीत होतं, एकटी तीच तेवढी राहिली होती. तेव्हापासून डोळ्यांनी दिसेल तेवढंच खरं, बाकी सगळं खोटं, असा तिने हिशेब करून टाकला.

आता घरात उरला होता पंचवीस वर्षांचा प्रज्योत. पोरगा गुणाचा, निदान दिसायला तरी. मरोळच्या एका कारखान्यासाठी तो घरी बसून यंत्राच्या भागांची ड्रॉइंग करायचा. तीन महिने काम बघून मग पक्का करणार होते. त्यासाठी त्याने जुना पण दणकट कॉम्प्युटर आणून मधल्या खोलीत मांडला होता. रोज दोनच्या सुमाराला त्याचे राजेश साहेब स्क्रीनवर यायचे, दिवसभराचं काम बघायचे.

आणि नेमकी दोनच्याच सुमाराला मंजुळा बाजारातून परतायची. रिक्षातून उतरायची, उरलेला माल पडवीतल्या फ्रीझरमध्ये टाकायची, पाय धुवायची आणि आत यायची. आत येऊन बघते तर कॉम्प्युटरचा पडदा काळा आणि प्रज्योत डोक्याला हात लावून बसलेला. पहिल्यांदा तिने दुर्लक्ष केलं. दुसऱ्यांदा विचारलं. तो म्हणाला, बंद पडला आपोआप. चौथ्या-पाचव्या वेळेला तिला धर्माची शपथ आठवली. आई आली की बंद पडणारं यंत्र तिने जन्मात पाहिलं नव्हतं. आई आली की काहीतरी पटकन लपवणारा माणूस मात्र चांगला ओळखीचा होता.

संध्याकाळीही एखाद वेळेस बंद पडतो, असं प्रज्योत सांगायचा. पण ते तिने पाहिलं नव्हतं, आणि न पाहिलेलं ती मानत नसे. शिवाय ज्या दिवशी सगळा माल खपून ती रिकामी पाटी घेऊन यायची, त्या दिवशी हा बाबा मजेत साहेबांशी बोलत बसलेला दिसायचा. म्हणजे बंद पडायचं की नाही, हे पोरगा आपल्या सोयीने ठरवतो, असा तिने अर्थ लावला. बाजारात शेजारी सुकी मासळी घेऊन बसणारी वसुधा म्हणाली, हल्ली पोरं कॉम्प्युटरवर जुगार खेळतात, आईबापाला पत्ता नसतो. झालं. मंजुळाची झोपच उडाली. घरात शिरलेल्या पोराचं तोंड ती उगाच जवळ जाऊन हुंगायला लागली. प्रज्योतला ते कळत होतं. तो नुसता मान फिरवायचा.

अंधेरीहून दुरुस्तीवाला विशाल आला. त्याने डबा उघडला, पंख्यातली धूळ काढली, घरात लाइट कमी-जास्त होते का म्हणून विचारलं. ट्यूब आणि पंखा व्यवस्थित चालतात, असं प्रज्योतने सांगितलं. विशालने आतला वीजपुरवठ्याचा भाग बदलला. दुसऱ्या दिवशी दोन वाजता पुन्हा काळोख. मग तो अख्खा डबाच दुकानात घेऊन गेला. तिथे तीन दिवस कॉम्प्युटर सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालला, एकदाही हूं की चूं नाही. विशालने तो परत आणून ठेवला आणि मंजुळाच्या देखत सांगितलं की मशीन एकदम ओके आहे.

मशीन ओके, म्हणजे माणूस ओके नाही. मंजुळाला आणखी पुरावा नको होता.

इकडे राजेश साहेबांनाही तसंच वाटायला लागलं होतं. हा रोज मध्येच गायब होतो म्हणजे दुसरीकडेही नोकरी करतोय, नाहीतर झोपतोय, असं त्यांनी तोंडावर सुनावलं. सोमवारी शेवटचं बघतो, म्हणाले. प्रज्योतने हे आईला सांगितलं तेव्हा तिला वाईट वाटायच्या आधी दुसरंच वाटलं. हा आता नोकरी जाण्याचं खापर यंत्रावर फोडणार, आणि आपण पुन्हा जगासमोर खुळ्या ठरणार.

सोमवारी तिने पाळत ठेवायचं ठरवलं. सोमवारी गिऱ्हाईक तसंही थंडच. बारालाच पाटी उचलून ती निघाली. घरी पुढून न जाता बोंबील वाळवायच्या काठ्यांमागून मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरली आणि दाराच्या फटीला डोळा लावून खाली बसली. पाटीतला बर्फ वितळून पाणी तिच्या लुगड्याखाली येत होतं. स्वतःच्या घरात चोरासारखं बसायची लाज वाटत होती, पण ती हलली नाही.

दीड तास बसली. पोरगा रेघा ओढत होता, पुसत होता, पुन्हा ओढत होता. मध्ये एकदा उठून पाणी प्यायला. एकदा बापाच्या फोटोपुढची विझलेली उदबत्ती काढून नवी लावली. जुगार नाही की काही नाही. दोन वाजता साहेब आले आणि प्रज्योत कधी नव्हे इतका अदबीने बोलू लागला. मंजुळाला आता स्वतःचाच राग यायला लागला. तेवढ्यात पाटीतून वास आला. बांगडा हातचा जायला लागला होता.

ती मागून बाहेर पडली, गल्लीला वळसा घालून पुढच्या पडवीत आली. दार सताड उघडं होतं. कानाला हेडफोन असल्याने प्रज्योतला ती आल्याचं कळलंही नाही. त्याच्या एका हातात चहाचा कप होता, दुसरा हात हवेत होता, साहेबांना काहीतरी समजावत होता. मंजुळा फ्रीझरशी उभी राहिली. वीज वाचावी म्हणून सकाळी माल काढला की ती फ्रीझर बंद करून जायची, आणि आल्यावर माल उरला असेल तरच सुरू करायची. नजर पोरावरच ठेवून तिने बटण दाबलं. फ्रीझर धडधडला.

पडदा काळा झाला.

कप हातात होता. दुसरा हात अजून हवेत होता.

प्रज्योतने हेडफोन काढला आणि मागे वळून तिला पाहिलं. गेली नोकरी, एवढंच त्याच्या चेहऱ्यावर होतं. मंजुळाने बटण बंद केलं. म्हणाली, सुरू कर. त्याने केला. तिने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा काळोख. प्रज्योत उठून फ्रीझरच्या वायरीमागे भिंतीवरून हात फिरवत गेला. ती वायर कॉम्प्युटरच्याच बोर्डात येऊन संपत होती. फ्रीझर सुरू होताना सगळी वीज एकदम ओढून घेत होता. संध्याकाळी तो थांबून परत चालू व्हायचा, तेव्हाही हेच होत असणार.

तो खुर्चीत बसला. म्हणाला, "आये, मी तुला बाबांसारखा वाटलो ना?"

"हो," मंजुळा म्हणाली. त्या घरात खोटं पुष्कळ झालं होतं.

 ती पाटी तिथेच टाकून आत आली आणि म्हणाली, "साहेबाला फोन लाव."

"आता काय उपयोग?"

"लाव, बाला."

त्याने लावला. साहेब तुटकपणे बोलायला लागले तसा तिने फोन त्याच्या हातातून घेतला. मासळीच्या वासाचे हात, लुगडं भिजलेलं, आवाज मात्र बाजारातला.

"साहेब, मी प्रज्योतची आई. कॉम्प्युटर तो बंद करत नव्हता, मी करत होते. माझ्या फ्रीझरने बंद होत होता, आत्ता डोळ्यांनी बघितलं. तुम्ही म्हणता तो खोटारडा. मी पण तेच म्हणत होते, घरात, बाजारात, सगळीकडे." तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. "माझा पोरगा खोटं बोलत नाय."

हे ती सांगत होती साहेबांना, पण बघत होती प्रज्योतकडे.